कन्सोल बदलण्याचा मुहूर्त

११ मे १९९५. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात 'ई-थ्री' या व्हिडिओ गेम उद्योगाच्या पहिल्यावहिल्या प्रदर्शनाला सुरुवात झाली होती. जपानच्या सेगा कंपनीच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख टॉम कालिन्स्की व्यासपीठावर आले आणि त्यांनी उपस्थितांना चकित केले. सेगाचा 'सॅटर्न' हा नवा कन्सोल २ सप्टेंबर रोजी बाजारात येणार, असे आधी जाहीर झालेले होते. तो निवडक दुकानांमध्ये आजच पोहोचला असून त्याची किंमत ३९९ डॉलर आहे, असे कालिन्स्की यांनी सांगून टाकले. त्याच प्रदर्शनात काही वेळाने सोनीच्या वतीने स्टीव्ह रेस बोलावयास उभे राहिले. '२९९' एवढा एकच आकडा उच्चारून ते खाली उतरले. हा आकडा सोनीच्या आगामी प्लेस्टेशनच्या किमतीचा होता. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या दिवसानंतर सहा वर्षांच्या आत सेगा कन्सोलच्या धंद्यातून कायमची बाहेर पडली. एका आकड्याने एवढी मोठी कंपनी बुडाली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. सेगाची चूक त्या व्यासपीठावर घडली नव्हती. ती त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत घडत आलेली होती. जुने यंत्र कधी बदलावे, या प्रश्नाचे उत्तर तिने प्रत्येक वेळी वेगळे दिले आणि त्या प्रत्येक उत्तराची किंमत ग्राहकांकडून वसूल केली.

घरातील दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळ खेळण्याचे हे यंत्र साधारणतः पाच ते आठ वर्षांनी बदलले जाते. संगणक किंवा मोबाइल फोनप्रमाणे त्याची नवी आवृत्ती दर वर्षी निघत नाही. यामागे या धंद्याचे अर्थकारण आहे. नवा कन्सोल बाजारात येतो तेव्हा त्यातील सुटे भाग महाग असतात आणि कंपनी तो बहुधा नाममात्र नफ्यावर, अनेकदा तर चक्क तोट्यात विकते. तिची खरी कमाई पुढे होते. त्या यंत्रावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळामागे, मग तो कोणत्याही कंपनीने तयार केलेला असो, कन्सोलच्या मालकाला ठराविक वाटा मिळतो. त्यामुळे जितकी अधिक यंत्रे घराघरांत पोहोचतील तितके अधिक खेळ विकले जातात आणि तितके अधिक खेळ तयारही होतात. दरम्यान चिप लहान होत जातात, उत्पादनखर्च उतरतो, किंमत कमी करता येते आणि सुरुवातीला ज्यांना ही चैन परवडली नव्हती ती कुटुंबे दुकानाकडे वळतात.

म्हणजेच तंत्रज्ञानाच्या दृष्टीने यंत्र जेव्हा 'म्हातारे' झालेले असते, नेमके तेव्हाच ते सर्वाधिक कमावत असते. पाच वर्षे पाणी घालून वाढविलेल्या आंब्याच्या कलमाला मोहोर आला असताना ते उपटून शेजारी नवे रोप लावण्यासारखेच हे काम आहे. नव्या कन्सोलच्या पहिल्या दिवशी त्याच्या ग्राहकांची संख्या शून्य असते, ही गोष्ट कंपन्यांच्या संचालक मंडळांना ठाऊक नसते असे नाही. तरीही निर्णय घ्यावा लागतो. प्रतिस्पर्ध्याचे अधिक समर्थ यंत्र दाराशी येऊन ठेपलेले असते, खेळ तयार करणाऱ्यांना जुन्या यंत्राच्या मर्यादा जाचू लागतात आणि ज्यांना घ्यायचे होते त्या बहुतेकांनी यंत्र घेऊन झालेले असते.

उशिराचे उदाहरण आधी पाहिले पाहिजे, कारण सेगाचा उदयच मुळी दुसऱ्याच्या उशिरातून झाला. निन्टेंडोने जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी आणलेला 'फॅमिकॉम' हा कन्सोल अमेरिकेत 'एनईएस' या नावाने गेला आणि दोन्ही देशांची बाजारपेठ त्याने जवळपास एकहाती काबीज केली. (नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या घरांत 'टीव्ही गेम' म्हणून आलेले, कॅसेट खोचून चालणारे आणि 'मारिओ' व 'कॉन्ट्रा' यांची गोडी लावणारे स्वस्त संच बहुतांशी याच फॅमिकॉमच्या नकला होत्या.) सेगाने ऑक्टोबर १९८८ मध्ये जपानमध्ये 'मेगा ड्राइव्ह' आणला. त्याची क्षमता कितीतरी अधिक होती. पुढील वर्षी तो 'जेनेसिस' या नावाने अमेरिकेत दाखल झाला. निन्टेंडोने मात्र घाई केली नाही. तिचा 'सुपर फॅमिकॉम' जपानमध्ये नोव्हेंबर १९९० मध्ये आणि अमेरिकेत १९९१ मध्ये आला. या दोन वर्षांच्या अवधीत सेगाने अमेरिकेत पाय रोवले आणि निन्टेंडोला आपली जवळपास मक्तेदारी सोडून बाजारपेठ वाटून घ्यावी लागली. तोटा झाला तो एवढाच. जुन्या यंत्रावर 'सुपर मारिओ ब्रदर्स ३' सारखे खेळ तडाखेबंद खपत होते, ग्राहक नाराज नव्हता आणि नवे यंत्र आले तेव्हा तो पुन्हा निन्टेंडोच्याच दुकानात गेला. फॅमिकॉमचे उत्पादन जपानमध्ये तर २००३ पर्यंत चालू होते, हे आज वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल.

सेगाची घाई

सेगाने यातून घेतलेला धडा असा, की पुढच्या वेळीही आपणच आधी पोहोचले पाहिजे. मात्र जेनेसिस अमेरिकेत जोरात चालत असल्याने तो सोडवतही नव्हता. मग मधला मार्ग निघाला. १९९२ मध्ये अमेरिकेत जेनेसिसला जोडावयाचे सीडीचे उपकरण आले. नोव्हेंबर १९९४ मध्ये जुन्याच यंत्राच्या डोक्यावर बसवून त्याची ताकद वाढविणारे '३२एक्स' हे दुसरे जोडउपकरण १५९ डॉलरना विक्रीस आले. उल्लेखनीय बाब अशी, की त्याच महिन्याच्या २२ तारखेला सेगाने जपानमध्ये सॅटर्न हा संपूर्ण नवा कन्सोल बाजारात आणला होता. जपानी ग्राहकाच्या वाट्याला तर आधी नवा कन्सोल आणि त्यानंतर जुन्याचे जोडउपकरण असा उलटा क्रम आला.

अमेरिकेतील ज्या पालकांनी १९९४ च्या नाताळात मुलांसाठी ३२एक्स घेतले, त्यांच्यापुढे सहा महिन्यांच्या आत त्याच कंपनीचे ३९९ डॉलरचे नवे यंत्र येऊन उभे राहिले. ३२एक्ससाठी खेळ तयार करणाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि ते उपकरण लवकरच दुकानांच्या सवलतीच्या टोपलीत जाऊन पडले. त्या घरांतील मुलांनी सॅटर्नचा हट्ट धरला असेल, तेव्हा आईवडिलांनी काय उत्तर दिले असेल याची कल्पना करणे अवघड नाही.

सॅटर्नचे ते अकस्मात आगमन म्हणजे उतावळ्या नवऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधण्याचाच प्रकार होता. इतर कंपन्यांनी आपले खेळ सप्टेंबरच्या हिशेबाने तयार करावयास घेतले होते. मे महिन्यात दुकानांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच खेळ होते आणि तेही प्रामुख्याने सेगाचे स्वतःचे. ज्या दुकानदारांना माल मिळाला नाही ते दुखावले. 'केबी टॉईज' या खेळण्यांच्या मोठ्या दुकानसाखळीने तर सेगाचा नवा कन्सोल ठेवणेच नाकारले. चार महिन्यांची आघाडी कागदावर मिळाली खरी, पण त्या चार महिन्यांत विकण्याजोगे हाती फारसे काही नव्हते. ९ सप्टेंबरला प्लेस्टेशन शंभर डॉलर कमी किमतीत आला आणि ती आघाडीही संपली.

याहून मोठी चूक फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. सेगाच्या जपानमधील नेतृत्वाने आपले सारे बळ सॅटर्नमागे लावण्याचे ठरविले. जपानमध्ये मेगा ड्राइव्ह कधीच फारसा चालला नव्हता, त्यामुळे तेथून पाहताना हा निर्णय योग्यच दिसत होता. अमेरिकेत मात्र १९९५ मध्येही जुन्या पिढीच्या यंत्रांनाच मोठी मागणी होती. निन्टेंडोने ती ओळखली. तिचा नवा कन्सोल तयार होण्यास १९९६ उजाडणार होते. तोवर तिने नोव्हेंबर १९९४ मध्ये आलेल्या 'डॉन्की काँग कंट्री' सारख्या खेळांच्या जोरावर जुनेच यंत्र खपविले. १९९५ च्या नाताळात सेगाला जेनेसिसची मागणी पुरी करता आली नाही. नव्यात जम बसलेला नव्हता आणि जुन्यातील गिऱ्हाईक परत जात होते. तेलही गेले, तूपही गेले, अशी अवस्था झाली.

१९९७ मध्ये सेगाच्या अमेरिकी शाखेचे बर्नी स्टोलार यांनी सॅटर्न हे कंपनीचे भवितव्य नव्हे, असे जाहीरपणे सांगितले. त्यानंतरचा कन्सोल, 'ड्रीमकास्ट', अमेरिकेत आला तो ९ सप्टेंबर १९९९ रोजी. मधल्या दोन वर्षांत सॅटर्नच्या ग्राहकाने काय करावे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. ड्रीमकास्ट हे यंत्र म्हणून उत्तम होते आणि पहिल्या चोवीस तासांत त्याची व त्याच्या खेळांची मिळून अमेरिकेत ९ कोटी ८० लाख डॉलरहून अधिक विक्री झाली. तथापि दुधाने तोंड पोळलेला ग्राहक ताकही फुंकून पीत होता. सोनीने प्लेस्टेशन २ ची घोषणा मार्च १९९९ मध्येच करून ठेवली होती. तो डीव्हीडी चालविणार होता आणि जुन्या प्लेस्टेशनचे खेळही. अनेकांनी थांबणे पसंत केले. 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' या बड्या खेळनिर्मात्या कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही खेळ काढला नाही. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने त्याचे उत्पादन थांबविण्याची घोषणा केली. अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी स्वतःचे सुमारे ६९ कोटी ५० लाख डॉलर मूल्याचे समभाग कंपनीला देऊन तिला तगविले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. आज सेगा इतरांच्या, म्हणजे एकेकाळच्या प्रतिस्पर्ध्यांच्या, यंत्रांसाठी खेळ तयार करते.

चार वर्षांत निवृत्ती, तीही शहाणपणाची

सेगाच्या कथेवरून घाई नेहमीच घातक असते असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. मायक्रोसॉफ्टने आपला पहिला 'एक्सबॉक्स' नोव्हेंबर २००१ मध्ये आणला आणि अवघ्या चार वर्षांनी, नोव्हेंबर २००५ मध्ये, 'एक्सबॉक्स ३६०' त्याच्या जागी आणला. जुने यंत्र दुबळे नव्हते. त्या काळातील प्रमुख कन्सोलमध्ये ते सर्वांत शक्तिशाली मानले जाई. नोव्हेंबर २००४ मध्ये त्यावर आलेल्या 'हेलो २' या खेळाने पहिल्याच दिवशी साडेबारा कोटी डॉलरचा गल्ला जमविला होता. अशा यंत्राला वर्षभरात घरी बसविण्याचे कारण त्याच्या वयात नव्हते, ते त्याच्या खर्चात होते. त्यातील प्रोसेसर इंटेलचा आणि चित्रचिप एन्व्हिडियाची होती. त्यांच्या आराखड्यांवर मायक्रोसॉफ्टचा हक्क नसल्याने स्वस्तात दुसरीकडे करवून घेणे किंवा दोन्ही चिप एकत्र करणे तिच्या हाती नव्हते. चिपच्या किमतीवरून एन्व्हिडियाशी झालेला वाद लवादापर्यंत गेला आणि २००३ मध्ये मिटला. शिवाय प्रत्येक यंत्रात हार्ड डिस्क होती आणि तिची किंमत एका मर्यादेखाली उतरत नाही. सोनी दर वर्षी स्वस्त होत असताना मायक्रोसॉफ्टला तेवढाच खर्च सोसून किंमत कमी करावी लागत होती. जे झाड कधी फळणारच नाही ते राखण्यात अर्थ नव्हता.

नव्या यंत्रासाठी आयबीएम आणि एटीआय यांच्याकडून चिप घेताना आराखड्यांचे हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवले. सोनीच्या प्लेस्टेशन ३ पेक्षा एक वर्ष आधी बाजारात उतरल्याने खेळ तयार करणाऱ्या कंपन्यांना तिने आपल्या यंत्राची सवय लावली. घाईचा दंड तिलाही चुकला नाही. यंत्रे तापून बंद पडू लागली, समोरचे लाल दिवे कुप्रसिद्ध झाले आणि जुलै २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढविताना कंपनीला एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. ही रक्कम भरण्याची ऐपत मायक्रोसॉफ्टकडे होती. सेगाकडे ती नसती. त्या पिढीत एक्सबॉक्स ३६० मात्र सोनीच्या बरोबरीने टिकला आणि जुन्या एक्सबॉक्सची ऑनलाइन खेळण्याची सोयही मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१० पर्यंत चालू ठेवली.

नवे यंत्र कधी आणायचे आणि जुने कधी सोडायचे, हे दोन वेगळे निर्णय आहेत, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते. सेगाने दोन्हींची गाठ मारली. सोनीने त्या दोन तारखांमध्ये सहा वर्षांहून अधिक अंतर ठेवून दाखविले.

प्लेस्टेशन २ मार्च २००० मध्ये जपानमध्ये आला. त्याचा वारस प्लेस्टेशन ३ नोव्हेंबर २००६ मध्ये अवतरला, तो ४९९ आणि ५९९ डॉलर अशा किमतींना, आणि सुरुवातीला सपशेल अडखळला. त्या आर्थिक वर्षात सोनीच्या गेम विभागाला २३० अब्ज येनहून अधिक तोटा झाला. जुने यंत्र त्याच वेळी बंद केले असते तर परिस्थिती अधिकच बिकट झाली असती. सोनीने तसे केले नाही. 'गॉड ऑफ वॉर २' हा तिचा एक अत्यंत महत्त्वाचा खेळ मार्च २००७ मध्ये, म्हणजे नवा कन्सोल आल्यानंतर, जुन्याच कन्सोलवर प्रसिद्ध झाला. २९९ डॉलरना आलेला प्लेस्टेशन २ एप्रिल २००९ मध्ये ९९ डॉलरना मिळू लागला. त्याचे उत्पादन थांबले ते जानेवारी २०१३ च्या सुमारास, आणि तोवर १५ कोटींहून अधिक संच खपले होते.

या लांबलेल्या संध्याकाळचा लाभ भारतालाही झाला. प्लेस्टेशन ३ जगात येऊन तीन वर्षे होत असताना, २००९ मध्ये, हैदराबादच्या एका कंपनीने तयार केलेला 'हनुमान: बॉय वॉरियर' हा खेळ प्लेस्टेशन २ वर आला. त्याच वर्षी कबड्डी, विटीदांडू आणि पतंगबाजी असलेला 'देसी अड्डा' निघाला. येथील ग्राहकाला परवडणारे आणि येथील निर्मात्याला हाताळता येणारे यंत्र तेच होते. पाश्चात्त्य समीक्षकांच्या लेखी त्याची सद्दी केव्हाच संपलेली होती.

निन्टेंडो: एकदा चुकलेली, एकदा साधलेली वेळ

उशिराचा खरा फटका बसला तो निन्टेंडोलाच, पण बराच नंतर. नोव्हेंबर २००६ मध्ये २४९ डॉलरना आलेल्या 'वी' या कन्सोलने हात हलवून खेळण्याची गंमत आजी-आजोबांपर्यंत पोहोचविली आणि एकंदर १० कोटींहून अधिक संच खपले. मार्च २००९ ला संपलेल्या वर्षात एकट्या वीचे सुमारे २ कोटी ६० लाख संच गेले. पुढे ओहोटी लागली. घरोघरी हाय डेफिनिशन दूरचित्रवाणी संच आले होते आणि वीला ते चित्र दाखविता येत नव्हते. कंपनीने एप्रिल २०११ मध्ये वारसाची घोषणा केली आणि तो बाजारात आला नोव्हेंबर २०१२ मध्ये. मधल्या दीड वर्षात जुन्या यंत्रावर नवे, घेण्याजोगे खेळ जेमतेमच आले. मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात निन्टेंडोने तोटा नोंदविला. वारसाचे नाव 'वी यू' ठेवण्यात आल्याने ते वीचेच एखादे जोडउपकरण असावे असा अनेक ग्राहकांचा समज झाला, हे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी पुढे मान्य केले. त्याचे केवळ १ कोटी ३५ लाखांच्या आसपास संच खपले. जानेवारी २०१४ मध्ये इवाता यांनी स्वतःचे वेतन काही महिन्यांसाठी निम्मे केले. बैल गेल्यावर झोपा केला तरी तो निदान वेगळ्या नावाचा असावा, एवढे तरी पाळले गेले असते!

मार्च २०१७ मध्ये आलेल्या 'स्विच'च्या वेळी हीच कंपनी आठ वर्षे थांबली आणि तरीही तिचे नुकसान झाले नाही. स्विचमधील चिप मुळात २०१५ मधील होती. तंत्रज्ञानाच्या कसोटीवर हे यंत्र जन्मतःच मागे होते. पण हातात घेऊन आणि दूरचित्रवाणीला जोडून अशा दोन्ही प्रकारे खेळता येणाऱ्या यंत्रांत त्याच्या तोडीचा प्रतिस्पर्धी दीर्घकाळ नव्हता आणि खेळांचा ओघ आटला नाही. मे २०२३ मध्ये, सहा वर्षे उलटलेल्या यंत्रावर आलेल्या 'झेल्डा' मालिकेतील नव्या खेळाच्या तीन दिवसांत एक कोटी प्रती गेल्या. विक्री उतरत होती, ती मात्र हळूहळू: मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षात २ कोटी ८८ लाख संच, तर मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात १ कोटी ८ लाख. ५ जून २०२५ रोजी 'स्विच २' आला तेव्हा बहुतेक जुने खेळ त्यावर चालत होते, जुना स्विचही दुकानांत होता आणि पहिल्या चार दिवसांत नव्याचे ३५ लाख संच गेले. नाव ठेवतानाही या खेपेस कल्पकतेला आवर घालण्यात आला.

जुने खेळ नव्या यंत्रावर चालणे ही पूर्वी खर्चिक चैन होती. प्लेस्टेशन ३ च्या सुरुवातीच्या संचांत त्यासाठी प्लेस्टेशन २ ची चिपच बसविलेली होती आणि पैसे वाचविण्यासाठी ती पुढे काढून टाकण्यात आली. प्लेस्टेशन ४ आणि ५ यांची रचना एकाच घराण्यातील असल्याने ही अडचण बरीचशी दूर झाली. ग्राहकाने विकत घेतलेली खेळांची शिदोरी त्याच्याबरोबर पुढे जाते. त्याचा दुसरा परिणाम असा, की बदलण्याची निकडही कमी झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आल्यावर साडेतीन वर्षांनी, २०२४ मध्ये, सोनीनेच दिलेल्या माहितीनुसार दरमहा खेळणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे अजून प्लेस्टेशन ४ वरच होते.

जुन्या हिशेबातील एक आकडा मात्र आता उलटा फिरला आहे. वय वाढेल तशी किंमत उतरते, यावर हा सारा धंदा बेतलेला होता आणि सहाव्या-सातव्या वर्षी दुकानात येणारा, थांबून राहिलेला, बेताच्या मिळकतीचा ग्राहक त्यातूनच मिळत होता. चिप लहान करणे आता पूर्वीसारखे स्वस्त पडत नाही. अमेरिकेत ४९९ डॉलरना आलेला प्लेस्टेशन ५ ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे पाचव्या वर्षी, ५४९ डॉलरचा झाला. एक्सबॉक्सच्या किमती त्याच वर्षी दोनदा वाढल्या, आणि आठ वर्षांच्या जुन्या स्विचचीही. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आलेला प्लेस्टेशन ५ नोव्हेंबर २०२२ मध्येच ५४,९९० रुपयांवर गेला होता. प्लेस्टेशन २ स्वस्त होण्याची वाट पाहणाऱ्याला नवव्या वर्षी तो एक-तृतीयांश किमतीत मिळाला होता.